ब्रिटिश प्राथमिक शाळा आणि मराठी मूल : बुऱ्हाणपूरहून एक तौलनिक विचार

प्रास्ताविक

परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलांविषयी आपल्याकडे दोन टोकांनी बोलले जाते. एका टोकाला कौतुक असते : मूल किती धीटपणे बोलते, पाठीवर दप्तराचे ओझे कसे नसते, पाचव्या वर्षीच जाड पुस्तके कशी वाचते. दुसऱ्या टोकाला हळहळ असते : नातवंडांची मराठी सुटली, आता आजीशी बोलायलाही दुभाषा लागेल. कौतुक आणि हळहळ यांच्या मध्ये एक साधा प्रश्न राहून जातो. चार ते अकरा या वयात ते मूल त्या शाळेत वाचायला नेमके कसे शिकते, आणि त्या शिकण्याचा त्याच्या मराठीशी काय संबंध येतो?

मी बुऱ्हाणपुरात अनेक वर्षे साहित्य शिकवते. माझे काही माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त आखाती देशांत स्थायिक आहेत आणि त्यांची मुले ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांत जातात. सुट्टीत ही मुले गावी येतात तेव्हा त्यांचे वाचन ऐकण्याची संधी मिळते. त्याच गल्लीत घरी मराठी बोलणारी, पण हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलेही असतात. या दोन्ही प्रकारच्या मुलांना मराठीचा एकच परिच्छेद वाचायला दिला की एक विलक्षण गोष्ट दिसते. दुबईहून आलेल्या मुलाला तो वाचता येत नाही, पण कोणी वाचून दाखवला तर बराचसा समजतो. बुऱ्हाणपूरचे मूल तो घडाघडा वाचते, पण काय वाचले ते त्याला पुरते सांगता येत नाही. एकाजवळ भाषा आहे, लिपी नाही. दुसऱ्याजवळ लिपी आहे, भाषा हातून निसटते आहे. म्हणून दोघांसाठी उपाय एक असू शकत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. ब्रिटिश प्राथमिक शाळेची रचना

इंग्लंडमध्ये १९८८ च्या शिक्षण कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. त्याची सध्याची सुधारित आवृत्ती सप्टेंबर २०१४ पासून अमलात आहे. परदेशातील ब्रिटिश शाळांवर हा अभ्यासक्रम कायद्याने बंधनकारक नाही, पण त्यांची चौकट तीच असते. अशा शाळांच्या तपासणीसाठी ब्रिटिश शासनाने २०१० पासून स्वतंत्र योजनाही चालवली आहे.

मूल साधारण तीन ते पाच या वयात नर्सरी आणि रिसेप्शन या वर्गांत असते. पाच ते सात या वयात इयर १ आणि इयर २ हा पहिला टप्पा, तर सात ते अकरा या वयात इयर ३ ते इयर ६ हा दुसरा टप्पा. आपल्याकडील पालकांचा गोंधळ येथेच होतो. तेथील इयर १ चे मूल आपल्या पहिलीतील मुलापेक्षा साधारण वर्षभराने लहान असते. सुट्टीत आलेल्या मुलाची शेजारच्या मुलाशी तुलना करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

रिसेप्शनपर्यंतच्या टप्प्यात शिक्षणाची सात क्षेत्रे मानली जातात. त्यांतील तीन मूलभूत : संभाषण व भाषा, शारीरिक विकास, आणि वैयक्तिक-सामाजिक-भावनिक विकास. साक्षरता आणि गणित उरलेल्या चारांत येतात. म्हणजे बोलणे आणि ऐकणे हा पाया, लिहिणे-वाचणे ही त्यावरची उभारणी. वाळू, पाणी, ठोकळे, दुकान-दुकान, गोष्ट ऐकणे, गोष्ट करून दाखवणे यांत मुलाचा बराच वेळ जातो. आपल्या पालकांना तो कधी कधी वाया गेलेला वाटतो. प्रत्यक्षात तो भाषा घडवण्याचा वेळ असतो.

२. ध्वनीकडून अक्षराकडे

या शाळांतील वाचनशिक्षणाचा कणा म्हणजे फोनिक्स, अर्थात ध्वनीवरून अक्षर शिकवण्याची पद्धत. जिम रोज यांच्या २००६ च्या अहवालाने या पद्धतीचा पुरस्कार केला आणि त्यानंतर ती इंग्लंडमधील प्राथमिक शाळांत स्थिर झाली. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी साधारण ४४. त्यामुळे अक्षराचे नाव सांगून वाचन येत नाही. ‘एस-ए-टी’ ही नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘सॅट’ हा उच्चार निघत नाही. म्हणून मुलाला आधी अक्षराचे नाव न शिकवता त्याचा ध्वनी शिकवतात.

सुरुवातीला ए-बी-सी-डी हा क्रम पाळत नाहीत. अनेक शाळांत पहिला गट एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांचा असतो, कारण एवढ्यातच सॅट, पिन, टॅप, सिट असे कितीतरी शब्द तयार होतात. मूल आठवडाभरात ‘वाचू’ लागते. दोन क्रिया सतत चालतात : सुटे ध्वनी जोडून शब्द म्हणणे, आणि ऐकलेला शब्द सुट्या ध्वनींत फोडून लिहिणे. शिक्षिका एका गोष्टीवर कटाक्ष ठेवतात. व्यंजनाला स्वराची शेपटी लावायची नाही. ‘स’ नव्हे, ‘स्‌स्‌स्‌’. ‘म’ नव्हे, ‘म्‌म्‌म्‌’.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून इयर १ च्या अखेरीस एक छोटी चाचणी होते. तीत मुलाने ४० शब्द मोठ्याने वाचायचे असतात. त्यांतील २० शब्द निरर्थक, बनवलेले असतात आणि त्यांच्याशेजारी एका काल्पनिक प्राण्याचे चित्र असते. शब्द पाठ असून भागणार नाही, ध्वनी जोडता आले पाहिजेत, हा त्यामागचा हेतू. या चाचणीवर इंग्लंडमध्येही पुष्कळ टीका झाली आहे. अर्थाशिवाय वाचन म्हणजे वाचन का, हा तिच्यातला मुख्य आक्षेप. हा आक्षेप आपण लक्षात ठेवू. पुढे बुऱ्हाणपूरच्या मुलाचा विचार करताना तो पुन्हा उपयोगी पडेल.

याच्या जोडीला रोज घरी नेण्याचे पुस्तक असते. मुलाने ते पालकाजवळ बसून थोडा वेळ वाचायचे आणि पालकाने वहीत तशी नोंद करायची. माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेतील आपण सर्वात आधी उचलावी अशी गोष्ट हीच आहे. तिला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही.

३. हेच मूल देवनागरीसमोर बसते तेव्हा

फोनिक्सने तयार झालेले मूल मराठी वाचायला बसवले की पालक सहसा अंकलिपी आणतात आणि ‘अ अननसाचा’पासून सुरुवात करतात. मूल चार दिवसांत कंटाळते. ‘याला मराठी नको आहे’ असा निष्कर्ष निघतो. अडचण आवडीची नसते. एका लिपीने लावलेल्या सवयी दुसऱ्या लिपीत आड येत असतात, आणि त्या सवयी कोणत्या हे कोणी तपासलेले नसते.

पहिली सवय व्यंजनाची. दोन वर्षे त्याला ‘व्यंजनाला स्वर लावू नकोस’ असे शिकवलेले असते. देवनागरीत मात्र ‘क’ म्हणजे क्‌ अधिक अ. ‘कमळ’ हा शब्द पाहून ते विचारते, “यात स्वर कुठे आहेत?” प्रश्न अगदी योग्य आहे. त्याला स्पष्ट सांगावे लागते की येथे ‘अ’ व्यंजनाच्या पोटात असतो आणि शब्दाच्या शेवटी तो बहुधा ऐकू येत नाही.

दुसरी सवय दिशेची. इंग्रजीत ध्वनी डावीकडून उजवीकडे ओळीने बसतात. देवनागरीत स्वरचिन्ह अक्षराच्या पुढे, वर, खाली आणि मागेही बसते. सर्वात कठीण ऱ्हस्व वेलांटी, कारण ‘कि’मध्ये ती आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. यातून एक व्यावहारिक सूत्र निघते. अशा मुलाला बाराखडीच्या क्रमाने स्वरचिन्हे शिकवू नयेत. काना आणि दीर्घ वेलांटी आधी घ्यावी, कारण ती उजवीकडे बसतात. मग ओकार, नंतर उकार आणि मात्रा. ऱ्हस्व वेलांटी सर्वात शेवटी.

तिसरी गोष्ट आकड्याची. ३४ व्यंजने गुणिले बाराखडीतील १२ रूपे म्हणजे ४०८ आकृत्या. मोठ्यांना हा डोंगर वाटतो आणि ते पाठांतर सुरू करतात. पण ध्वनी जोडण्याची सवय असलेल्या मुलाला ४०८ आकृत्या पाठ कराव्या लागत नाहीत. व्यंजन आणि स्वरचिन्ह ओळखले की पुढचे ते स्वतः करते. येथे फोनिक्सचा फायदाच होतो. जोडाक्षरांचेही तसेच. इंग्रजी ‘स्टॉप’ म्हणणाऱ्या जिभेला ‘स्टूल’ किंवा ‘वस्तू’ जड जात नाही. त्याला फक्त आकृती नवी असते.

आणि एक मोठी सोय मराठीत आहे. येथे अक्षराचे नाव आणि ध्वनी एकच. इंग्रजीतील ‘एच’ आणि ‘डब्ल्यू’शी झगडलेल्या मुलाला ही गोष्ट सांगितली की त्याचा चेहरा उजळतो.

मी सुचवते तो पहिला गट म, क, न, ल ही चार अक्षरे आणि आ, ई हे दोन स्वर असा आहे. एवढ्यात मामा, मामी, काका, काकी, मी, मला, नाक, कान, मान, लाल, कमान हे शब्द होतात. यांतील पहिले चार शब्द मुद्दाम घेतले आहेत. इंग्रजीत या सर्वांची बोळवण ‘अंकल’ आणि ‘आंटी’ या दोन शब्दांत होते. आईचा भाऊ आणि वडिलांचा भाऊ वेगळे असतात हे मुलाला भाषा शिकवते, आणि वाचनाच्या पहिल्याच दिवशी ते त्याच्या हाती येते.

४. घरची भाषा आणि शाळेची भूमिका

ब्रिटिश शाळेत घातले म्हणजे घरीही इंग्रजी बोलले पाहिजे, अशी आपल्याकडे समजूत आहे. इंग्लंडमधील पूर्वप्राथमिक शिक्षणाची वैधानिक चौकट याच्या उलट सांगते. ज्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही, त्यांना ती भाषा खेळात व शिकण्यात वापरण्याची आणि वाढवण्याची संधी मिळावी यासाठी संस्थेने प्रयत्न करावेत, असे तीत नमूद आहे. मूल इंग्रजीत मागे वाटले तर त्याची घरची भाषा कशी आहे हे पालकांकडून समजून घ्यावे, मगच भाषाविकासात अडचण आहे की नाही हे ठरवावे, असेही तीत सुचवले आहे.

यामागे शास्त्रीय आधार आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास मांडले की एका भाषेत आलेली वाचन-विचाराची क्षमता दुसऱ्या भाषेत संक्रमित होते. त्यांनी दोन पातळ्यांतील भेदही दाखवला. रोजच्या बोलण्याची भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची, विचार मांडण्याची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. हा भेद परदेशातील मराठीलाही लागू होतो. घरातल्या मराठीत ‘जेव, ये, झोप, दे’ असते. ‘कारण, परंतु, त्यामुळे, जणू’ हे शब्द स्वयंपाकघरात फारसे येत नाहीत, ते पुस्तकातून येतात. लिपी आली नाही तर मुलाची मराठी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरच थांबते.

मात्र शाळा घरच्या भाषेविषयी कितीही सहिष्णु असली तरी वेळापत्रकात तिला जागा क्वचितच मिळते. इंग्लंडमध्ये सात ते अकरा या टप्प्यात एक परकी भाषा शिकवणे सक्तीचे आहे आणि नियमाने ती कोणतीही असू शकते. व्यवहारात ती बहुधा फ्रेंच किंवा स्पॅनिश असते. आखाती देशांत शासनाच्या नियमाने अरबी येते. सिंगापूरमध्ये तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा शालेय मातृभाषा म्हणून घेता येतात, त्यांत मराठी नाही. याला सन्माननीय अपवाद मॉरिशसचा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांच्या वंशजांसाठी तेथे शासकीय प्राथमिक शाळांत मराठी ऐच्छिक विषय आहे. बाकी ठिकाणी भार समाजावरच पडतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालतात.

५. बुऱ्हाणपूरचे मूल

आता दुसऱ्या मुलाकडे येऊ. पूर्वीच्या मध्यप्रदेशात १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, निमाड मध्यप्रदेशात राहिला. २००३ मध्ये बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या सीमेला जळगाव, बुलढाणा आणि अमरावती हे जिल्हे भिडलेले आहेत. बाजारात केळी, कापूस आणि पॉवरलूमच्या कापडाचा व्यवहार मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी, खानदेशी अशा भाषांच्या मिश्रणात चालतो. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, हे येथे नित्याचे आहे.

हे मूल देवनागरी शाळेत शिकलेले असते, त्यामुळे त्याला मराठी ‘येते’ असे आपण गृहीत धरतो. पण ते मराठी मजकूर हिंदीच्या उच्चाराने वाचते. ‘काळ’चा ‘काल’ होतो, ‘वेळ’ची ‘वेल’ होते. ‘चंद्र’ आणि ‘चोर’ यांतील च वेगळे आहेत हे त्याच्या कानावर कोणी घातलेले नसते. ‘केलं’, ‘असं’ यांवरील अनुस्वार ते नाकात उच्चारते. ‘पुस्तक चांगली आहे’ म्हणते, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग हिंदीत नाहीच. आईबरोबर निघताना आईलाच म्हणते, “आम्ही बाजारात जाऊ या.” ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक हिंदीच्या ‘हम’मध्ये बुडालेला असतो. गंमत अशी की हीच चूक दुबईचे मूलही करते, कारण इंग्रजीतही त्यासाठी एकच शब्द आहे.

शब्दार्थाचा सापळा आणखी फसवा. लिपी एक, शब्द एक, अर्थ निराळा. ‘संशोधन’ हिंदीत दुरुस्ती, मराठीत शोधकार्य. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘खाली’ हिंदीत रिकामे, मराठीत तळाशी. एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते, ‘मला उच्च शिक्षा मिळावी अशी आईची इच्छा आहे.’ वर्गात हशा पिकला. पण तिच्या घरी चार पिढ्या मराठी बोलली जाते, हे आठवले की हसू ओसरते.

ब्रिटिश चाचणीवरील तो आक्षेप येथे लागू पडतो. निरर्थक शब्द अचूक वाचणे आणि मराठी मजकूर अर्थाविना घडाघडा वाचणे यांत फार अंतर नाही. शिवाय आपल्या गावातील काही इंग्रजी शाळा पालकसभेत ‘घरी इंग्रजीतच बोला’ असा आग्रह धरतात. ज्या देशाच्या नावाने आपण इंग्रजी शिक्षणाची महती गातो, त्या देशाची चौकट घरच्या भाषेला जागा ठेवा म्हणते, आणि आपण ती जागा आपल्या हाताने पुसतो.

६. आपल्याच परंपरेतील धागे

खेळातून शिकणे किंवा थोड्या अक्षरांपासून वाचनाला सुरुवात करणे यासाठी परदेशाकडेच पाहायला हवे असे नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. पाने, बिया, शंख-शिंपले ही तेथील शैक्षणिक साधने होती. अनुताई वाघांनी हे काम पुढे नेले. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने मराठी वाचनासाठी वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरगटांची पद्धत रुजवली : थोडी अक्षरे, थोडी स्वरचिन्हे आणि लगेच अर्थपूर्ण शब्द. ध्वनीची शिस्त आणि अर्थाची ओढ या दोन्हींचा मेळ त्यात आहे. ब्रिटिश शाळेतून आलेल्या मुलाला हीच वाट सर्वात जवळची ठरेल.

कायद्याचा आधारही काही ठिकाणी आहे. महाराष्ट्रात २०२० च्या अधिनियमाने सर्व मंडळांच्या शाळांत, आंतरराष्ट्रीय शाळांसह, मराठी सक्तीची झाली. पण तो कायदा महाराष्ट्राच्या सीमेवर थांबतो. रावेरच्या मुलाला तो लागू आहे, बुऱ्हाणपूरच्या मुलाला नाही, आणि दुबईच्या मुलाला तर नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा आनंद आपण येथेही साजरा केला. तो दर्जा ग्रंथांना मिळाला आहे. ते ग्रंथ वाचणारे सात वर्षांचे मूल आपल्यालाच घडवावे लागेल.

७. काही सूचना

परदेशातील मुलासाठी : भाषा कानावर आहे असे धरून थेट लिपीकडे जावे. अक्षरगट लहान ठेवावेत, उजवीकडे बसणारी स्वरचिन्हे आधी घ्यावीत, पहिल्या दिवसापासून शब्द वाचू द्यावेत. शाळेच्या वाचनवहीशेजारी एक मराठी वाचनवही ठेवावी आणि रोज दहा मिनिटे द्यावीत. आजी-आजोबांनी फोनवर फक्त ‘जेवलास का?’ न विचारता गोष्ट सांगावी आणि नातवाकडून एक ओळ वाचून घ्यावी.

बुऱ्हाणपूरच्या मुलासाठी : अक्षरओळख पुन्हा करण्यात वेळ घालवू नये. आधी ऐकणे. काल-काळ, वेल-वेळ, कल-कळ अशा जोड्या कानाने ओळखायला लावाव्यात. गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी आणि मुलाने ती आपल्या शब्दांत मराठीतच सांगावी. हिंदी-मराठी समरूप पण भिन्नार्थी शब्दांची एक छोटी पुस्तिका तयार व्हावी. आमच्यासारख्या महाविद्यालयीन अध्यापकांनी हे काम आपल्या विद्यार्थ्यांकडून एका सत्रात करून घेणे अवघड नाही.

संस्थांसाठी : बृहन्महाराष्ट्रातील मंडळांच्या ग्रंथालयांत बालविभाग असतो तेथे मोठ्या टाइपातील, एका पानावर दोन-तीन ओळी असलेली पुस्तके वाढवावीत. पहिल्या वाचनासाठी योग्य पुस्तक हाती नसेल तर उत्तम पद्धतही कोरडी राहते.

समारोप

ब्रिटिश प्राथमिक शाळा मराठी हिरावून घेते असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ती शाळा मुलाला ध्वनी ऐकण्याची, ते जोडण्याची आणि रोज वाचण्याची सवय देते. ही सवय मराठीला उपकारकच आहे, फक्त तिला मराठीकडे वळवणारे कोणी घरात हवे. बुऱ्हाणपूरच्या मुलाला अशी सवय शाळेतून मिळतेच असे नाही, पण त्याच्या भोवती अजून मराठी बोलणारी गल्ली आहे. एकाला लिपीची शिडी लावायची आहे, दुसऱ्याला पायाखालची जमीन राखायची आहे. दोन्ही कामे दहा-बारा वर्षांच्या आतच करायची असतात. त्यानंतर मूल मराठी शिकू शकत नाही असे नाही, पण तेव्हा ते ती परकी भाषा म्हणून शिकते.